बरी झालेली गंगाबाई

गंगाबाईला नागीण झाली होती आणि ती ठणठणीत बरी झाली, हे पळसदरीपासून कर्जतच्या भाजी बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? तिच्या नवऱ्याने, श्रीपतने, कुणाला सांगायचं ठेवलंच नव्हतं. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याला सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, मयतीला गेला तिथेही सांगितलं. भगत नाही, गेरू नाही, मंतरलेलं पाणी नाही, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या आणि फोड सुकून खपल्या गळाल्या. वस्तीतली माणसं म्हणत होती की नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस गेलाच. श्रीपत सगळ्यांना बायकोकडे बोट करून दाखवायचा. गेली का? ही काय उभी हाय.

आणि गंगाबाई उभी असायची. मान डोलवायची, उसनं हसायची आणि घरी येऊन भिंतीला उजवी बाजू टेकून डोळे मिटून घ्यायची. कारण खरं सांगायचं तर तिचं काहीएक बरं झालेलं नव्हतं.

फोड गेले होते, हे खरं. डाव्या बरगडीवरून पाठीच्या कण्यापर्यंत नुसता एक फिकट पट्टा उरला होता. पण त्या पट्ट्यात जे चाललं होतं ते कुणाच्या दुश्मनालाही नको. कधी मिरची चोळल्यागत आग, कधी आतून सुई टोचावी तशी कळ, कळ गेली की नुसता ठणका. वर पदर डाव्या खांद्यावरून यायचा, तो नेमका तिथेच. लुगड्याचं मऊ सूतसुद्धा लागलं की अंगाची लाही व्हायची. म्हणून ती घरात ब्लाऊज उलटा घालायची, शिवणी बाहेर काढून. बाहेर जाताना सुलटा घालायची आणि दात आवळून धरायची. पंख्याचा वारा नको, कुणाचा धक्का नको, डाव्या कुशीवर झोप नको. सहा महिने बाई धड झोपली नव्हती. झोप नाही म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. माणूस चालतं, बोलतं, भांडी घासतं, पण आतून सगळं संपलेलं असतं.

काम सुटलेलं नव्हतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. भला मोठा टोप, त्यात हातभर लांबीचा कालथा, आणि तो ढवळायचा म्हणजे खांद्यापासून कंबरेपर्यंत सगळं अंग हलणारच. वाफ अंगावर आली की बरगडीतली आग दुप्पट व्हायची. तिच्या जोडीला सोनुबाई होती, पलीकडच्या वाडीतली. तिने विचारलं की गंगाबाई म्हणायची, वय झालं गं आता, दुसरं काय.

सुरवातीला तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं असं नाही. चांगलं दहादा सांगितलं. श्रीपत काही दुष्ट माणूस नव्हता, दारूला शिवला नाही, बायकोवर हात उचलला नाही. तिचं ऐकून तो तिला खोपोलीला घेऊन गेला, छातीचा फोटो काढला, कार्डिओग्राम काढला, पोटाची सोनोग्राफी केली. सगळं कोरं करकरीत आलं. त्या कागदांची गुंडाळी हातात घेऊन श्रीपत मोकळ्या मनाने म्हणाला, बघ, काय नाय तुला. आता डोक्यातनं काढून टाक. आयुष्यभर तो खोपोलीच्या कागद कारखान्यात फिटर होता. मशीन उघडायचं, बिघाड शोधायचा, सापडला तर बदलायचा आणि नाही सापडला तर मशीन चालू करायचं. बायकोचंही त्याने तेच केलं.

पण फिटर होता म्हणूनच फक्त नव्हे. त्या घराची रीतच तशी होती. श्रीपतच्या बापाने धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले देव उल्हास नदीत सोडून दिले होते आणि पोरांना एकच शिकवण दिली होती, की ज्याला पुरावा नाही ते मानायचं नाही. त्या शिकवणीवर हे घर वर आलं होतं. पोरं शिकली, मुलगा नरेश रसायनीच्या कंपनीत लागला, घरात कधी लिंबू-मिरची टांगली गेली नाही की अंगात कुणाच्या काही आलं नाही. गंगाबाईला स्वतःला त्याचा अभिमान होता. माहेरच्या बायका ताप आला की अंगारा शोधायच्या, ही थर्मामीटर शोधायची. आता तीच शिकवण उलटून तिच्याच अंगावर आली. तिच्या दुखण्याला पुरावा नव्हता. म्हणजे ते नव्हतंच. भूत मानायचं नाही, तसं हेही मानायचं नाही! घ्या, करा काय करायचं ते.

तरी ती एखादेवेळी भांडली असती. पण मध्येच वस्तीतल्या गजाच्या आईला नागीण उठली. म्हातारी आधी पोपटबाबाकडे निघाली होती. तो डोंगराच्या अंगाला राहणारा, गेरूने नागिणीला रिंगण घालणारा म्हातारा. तिला रस्त्यातून परत फिरवलं ते श्रीपतने, आणि दाखला दिला तो गंगाबाईचा. म्हातारीने गंगाबाईचा हात धरून विचारलं, खरंच गेलं का गं सगळं दुखणं? गंगाबाई म्हणाली, गेलं. म्हातारी दवाखान्यात गेली, गोळ्या घेतल्या, डोळ्याच्या इतक्या जवळ उठलेली नागीण आणि डोळा वाचला. त्या दिवसापासून गंगाबाईच्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. आपण आता दुखतंय म्हणालो तर वस्ती म्हणणार, बघा, गोळीने गेली नाही, आत शिरली. उद्या कुणाचं लेकरू तापाने फणफणलं की ते डोंगराकडे जाणार. आणि विहाराच्या सेक्रेटरीची, म्हणजे आपल्या नवऱ्याची, चार लोकांत मान खाली जाणार. त्यापेक्षा सोसलेलं बरं.

सोसण्यालाही सीमा असते म्हणतात. श्रावणात ती सीमा आली. शाळेत टोप उतरवताना सोनुबाईचा कोपर तिच्या बरगडीला लागला आणि गंगाबाई मटकन खाली बसली. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांतून नुसत्या धारा. सोनुबाईने टोप एकटीनेच खाली ठेवला. खिचडी वाटून झाल्यावर तिने एक टेंपो थांबवला, गंगाबाईला पुढे बसवलं आणि थेट पोपटबाबाच्या दारात नेऊन उतरवलं. गंगाबाई नको म्हणाली का? म्हणाली, पण इतक्या हळू, की तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

पोपटबाबा दारातच दोर वळत बसला होता. त्याने हातातलं ठेवलं, हात धुतले, तिला पाटावर बसवलं आणि विचारलं की कधीपासून, कुठून कुठपर्यंत, आग होते का टोचतं, रात्री जास्त का दिवसा, कापड सोसतं का. ती सांगत गेली. म्हातारा मध्ये एकदाही बोलला नाही. सगळं ऐकून म्हणाला, लई वाईट दुखणं हाय बाय हे, तू कशी सोसलीस इतकं? एवढं म्हणून त्याने गेरू कालवला आणि अंगाला न लावता, हवेतूनच, पाठीमागे रिंगण ओढल्यासारखं केलं, काहीतरी पुटपुटला आणि डोक्यावर हात ठेवला. गंगाबाईला हुंदका फुटला. आणि खरं सांगायचं तर आग उतरली. चुलीतलं लाकूड मागे ओढावं तशी उतरली. घरी येऊन ती पडली ती दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली. सून मेघा दोनदा येऊन श्वास बघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोपाची वाफ अंगावर आली आणि आग होती तिथे परत आली. पण आता तिच्या जोडीला लाज आली होती. ज्या घरात कधी अंगारा आला नाही त्या घरातली बाई गेरूवाल्याच्या पाटावर बसून आली होती. आणि वर तिला बरं वाटलं होतं! न वाटतं तर एक वेळ सोपं गेलं असतं. तिला वाटायला लागलं की नवरा म्हणतो तेच खरं. दुखणं मनाचं असल्याशिवाय मंतराने थांबेल कशाला? मग हे सहा महिने आपण केलं काय, नुसतं ढोंग? हा विचार तिला दुखण्यापेक्षा जास्त खाऊ लागला.

मेघाने उलटा ब्लाऊज कधीच बघितला होता. सासूच्या तोंडावर कसं विचारायचं म्हणून गप्प होती. पण त्या दिवशीची झोप बघून तिने चांगल्या डॉक्टरची चौकशी केली आणि एका गुरुवारी, श्रीपत विहारात गेल्यावर, सासूला म्हणाली, आई, कर्जतला जाऊन येऊ. बाजाराला म्हणून निघाल्या आणि गेल्या त्या डॉक्टर आसावरीकडे. कर्जत गावातल्या जुन्या घराण्यातली बाई, वडील तिथेच शाळामास्तर होते. मुंबईला नोकरी करून आठवड्यातून एकदा गावात फक्त दुखण्याचे पेशंट बघायची. दुखण्याचा वेगळा डॉक्टर असतो हेच गंगाबाईला नवीन होतं.

डॉक्टरीणबाईने कापसाचा बोळा घेतला, उजव्या बाजूला हलकेच फिरवला, मग डाव्या. डाव्या बाजूला गंगाबाई खुर्चीतून उठलीच. बाईने बोळा ठेवून दिला आणि म्हणाली, "मावशी, हे दुखणं खरं आहे. फोटोत दिसणार नाही, कारण ते फोटोत दिसणाऱ्या जागी नाहीच."

मग तिने सांगितलं. लहानपणी कांजिण्या झाल्या असतील, त्यांचेच विषाणू पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूच्या, म्हणजे शिरेच्या, मुळाशी दडून बसतात आणि पन्नाशीनंतर कधीतरी उठतात. फोड कातडीवर येतात पण मार बसतो शिरेला. ती शीर मज्जारज्जूत, म्हणजे कण्याच्या आतल्या दोरीत, जिथे शिरते तिथे ती पुढच्या पेशीला निरोप देते, आणि तो निरोप रसायनांचा असतो. त्यातलीच काही रसायनं म्हणजे प्रथिनाचे बारके तुकडे, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. एकाचं नाव नुसतं पी, सबस्टन्स पी. दुखलं की शीर ते सोडते. जखमी शीर सारखी निरोप पाठवत राहिली की आतल्या पेशी इतक्या हुळहुळ्या होतात की कापडाचा स्पर्शही आग म्हणून वर मेंदूला कळवतात. कातडी बरी झालेली असते. आतली दोरी विसरायला तयार नसते.

गंगाबाई ऐकत होती. तिला सगळं कळलं असं नाही, पण एक गोष्ट कळली, की ही बाई दुखण्याला जागा देते आहे. मग तिला धीर आला आणि तिने पोपटबाबाचं सांगून टाकलं. मेघाने चमकून सासूकडे बघितलं. गंगाबाई खाली मान घालून म्हणाली, "मंतराने थांबलं बाई. मग खरं कसं?"

डॉक्टरीणबाई हसली नाही. म्हणाली, त्याच दोरीत दुसरीही पेप्टाइड असतात, एन्केफॅलिन नावाची. अफूच्या जातीची, पण शरीर स्वतःच बनवतं. ती सुटली की निरोप तिथल्या तिथे अडतो, वर जातच नाही. ती सोडायचा हुकूम मेंदूकडून खाली येतो. झोप नसली, भीती असली, कुणाचा विश्वास नसला की हुकूम ढिला पडतो. कुणी नीट बसून ऐकलं, आता बरं वाटणार असं मनात आलं, तर हुकूम जोरात येतो. तुम्हाला मंतराने बरं नाही वाटलं, मावशी, त्या म्हाताऱ्याने तुमचं ऐकून घेतलं त्याने वाटलं असावं. ते बरं वाटणंही खरं, दुखणंही खरं. फक्त त्याने शीर दुरुस्त होत नाही, म्हणून औषध लागतं.

मेघाने विचारलं की मग त्या पी ला अडवायचं औषध नाही का? बाई म्हणाली, काढलं होतं. उंदरांचं दुखणं कमी झालं, माणसांचं नाही झालं. का ते अजून नीट कळलेलं नाही.

"उंदराला कुणी चारचौघांत उभं करून बरं झालं म्हणायला लावत नसंल," गंगाबाई म्हणाली. त्यावर मात्र तिघीही हसल्या, आणि हसताना बरगडी दुखली म्हणून गंगाबाईने हाताने तोंड धरलं.

औषध मिळालं, दुसरं. सुस्ती येईल, डॉक्टरीणबाई म्हणाली, हळूहळू वाढवायचं, अर्धं दुखणं कमी झालं तरी जिंकलो म्हणायचं. आणि निघताना म्हणाली की पुढच्या खेपेला यजमानांना आणा, मला त्यांच्याशी बोलायचंय. मेघाने घरी आल्यावर धाडस करून सासऱ्यांना सगळं सांगितलं, एक पोपटबाबा सोडून. श्रीपतने चष्मा काढून पुसला. म्हणाला, प्रायव्हेट डाक्टर हाय ना, ते म्हणणारच. माझ्याजवळ तीन रिपोर्ट हायेत. तसाही त्याला वेळ नव्हता, वर्षावासाची सांगता तोंडावर आली होती.

वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनीपर्यंत रोज विहारात वाचन, आणि शेवटच्या दिवशी खीरदान. त्या दिवशी आसपासच्या वस्त्यांतली माणसं येतात. श्रीपतने कार्यक्रम ठरवला होता. वंदना, वाचन, मग आरोग्य आणि विज्ञान या विषयावर उपासिका गंगाबाई स्वतःचा अनुभव सांगतील. हे त्याने तिला जेवताना सांगितलं, भाजी वाढ म्हणावं तसं. तिने नको म्हटलं. तो म्हणाला, दोन शब्द बोलायचे, गोळी घेतली नि बरी झाले, त्यात काय. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

आश्विनी पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसली. खळ दिलेली, कडक. ब्लाऊजही कडक. औषधाने डोकं जड झालेलं, बरगडीत आग तशीच. विहारात माणूस मावत नव्हता. पुढे गजाची आई बसली होती, एका डोळ्यावर पदर ओढून. श्रीपतने माईकवरून बायकोचं नाव घेतलं आणि त्याच्या आवाजात असं काही कौतुक होतं की गंगाबाईला क्षणभर वाटलं, बोलावं खोटं, आजच्या दिवस. एवढं बोललो, आणखी एकदा. काय जातं आपलं? ती उठली. उठताना पदर घासला गेला आणि तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"गोळी घ्या," ती म्हणाली. "नागीण उठली की दवाखान्यात जा, भगताकडं जाऊ नका. माझे फोड गोळीनंच गेले." श्रीपतने मान हलवली. "पण दुखणं नाय गेलं. आजपतुर नाय गेलं. मी खोटं बोलत हुते. आन मी पोपटबाबाकडं बी जाऊन आले. जीव नकोसा झाला म्हनून गेले. त्यानं माझं ऐकलं. घरात कोन ऐकत नव्हतं."

विहारात मागच्या चुलीवरच्या खिरीचा रटरटाट ऐकू यायला लागला. श्रीपत माईकजवळ उभा होता तो उभाच. आणि मग पुढून गजाच्या आईचा आवाज आला, अगदी बारीक.

"माझं बी नाय गं थांबलं. कपाळाची आग होतीय रोज. तू म्हनालीस गेलं, मंग मला वाटलं माझंच कायतरी चुकतंय. सुनंला सांगायची बी चोरी झाली."

गंगाबाई खाली बसली. लोकांपुढे लाज जाईल, नवऱ्याची मान खाली जाईल, याची तिने तयारी केली होती. ह्याची केली नव्हती. आपल्या एका शब्दावर विसंबून एक म्हातारी एवढे महिने एकटीने जळत बसली होती, आणि आपण समजत होतो की आपलं खोटं कुणाच्या तरी उपयोगी पडतंय. तिला रडूही येईना. ती सरकत सरकत म्हातारीजवळ गेली आणि तिचा हात धरून बसली. पुढचं वाचन कुणी केलं, खीर कुणी वाटली, तिला काही कळलं नाही. दोघींचं फक्त ठरलं, येत्या गुरुवारी कर्जतला बरोबर जायचं.

दुपारी गंगाबाई घरी आली. मेघाने तिला सुती ब्लाऊज काढून दिला, उलटा करून, आणि ती आपल्या पोराला घेऊन बाहेर गेली. श्रीपत उशिरा आला. कुणाकुणाला तोंड देऊन आला होता ते त्याच्या चालण्यावरून कळत होतं. त्याने टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायला, आणि नेहमीच्या खुर्चीत न बसता तिच्या समोर जमिनीवर बसला. सत्तरी गाठलेला माणूस, गुडघे कुरकुरले. बराच वेळ तो त्या उलट्या शिवणींकडे बघत राहिला. एवढे महिने ती शिवण त्याच्या डोळ्यांसमोर होती.

"कुटनं कुटपतुर हाय?" त्याने विचारलं.

तिने बोटाने दाखवलं, पुढून मागे. तो हात पुढे करून लावायला गेला.

"हात नका लावू," ती म्हणाली. "नाय सोसत."

त्याने हात मागे घेतला. मशीन हाताने चाचपल्याशिवाय त्याला कधी कळलं नव्हतं, आता हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी तो मांडीवर ठेवला. मग मी काय करू, असं त्याने विचारलं. ती भिंतीला टेकली. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं, माफ करायचंही नव्हतं.

"काय नका करू. लई दुखतंय वो," ती म्हणाली. "नुसतं ऐका."

आग होती तशीच होती. ती सांगत राहिली, आणि तो ऐकत बसला.